गिलबर्न जीटी १८०० (१९६६): फायबरग्लासची बॉडी सांगाड्यावरून उतरवावी, की जागेवरच दुरुस्त करावी?

सांगली_ते_स्वान्सी

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, आणि गेली वीस-एक वर्षे नोकरीनिमित्त साउथ वेल्समध्ये राहतो. माझ्या वडिलांचे सांगलीत छोटे गॅरेज होते, त्यामुळे पान्याची आणि ग्रीसची ओळख लहानपणापासूनची आहे. परंतु फायबरग्लासच्या गाडीला मी आजवर हात लावलेला नव्हता. मागच्या शरद ऋतूत एका शेतघराच्या गोठ्यात १९९१ पासून उभी असलेली १९६६ ची गिलबर्न जीटी १८०० मी विकत घेतली. आता तिचे काम कोणत्या टोकापासून सुरू करावे या विचारात महिने चालले आहेत, म्हणून जाणकारांना सविस्तर विचारतो आहे.

ज्यांनी या गाडीचे नाव ऐकलेले नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. पॉन्टिप्रिडजवळच्या चर्च व्हिलेज या गावात जाइल्स स्मिथ नावाचे खाटीक होते आणि बर्नार्ड फ्रीझ नावाचे, युद्धकैदी म्हणून ब्रिटनमध्ये येऊन पुढे इथेच राहिलेले, फायबरग्लासचे काम जाणणारे जर्मन अभियंते होते. या दोघांनी मांसाच्या दुकानामागच्या जागेत पहिली गाडी तयार केली आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला ‘गिलबर्न’ म्हटले. पुढे कारखाना लँटविट फार्ड्रे येथे, जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर गेला. १९५९ ते १९७३ या काळात साऱ्या प्रकारच्या मिळून जेमतेम हजारभर गाड्या तिथून बाहेर पडल्या. मी राहतो तिथून हे गाव तासाभराच्या अंतरावर आहे, आणि खरे सांगायचे तर गाडी घेण्यामागे हेही एक कारण होते. ज्या प्रदेशाने मला सामावून घेतले, तिथे हातांनी घडवलेली वस्तू माझ्या हातांनी पुन्हा उभी राहावी असे मला मनापासून वाटते.

आता गाडीची अवस्था सांगतो. इंजिन एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, १७९८ सीसीचे आहे. प्लगच्या भोकांतून आठवडाभर तेल मुरवल्यावर ते हाताने फिरले, त्यामुळे त्याची काळजी तूर्त नाही. बॉडीवर निदान तीन रंगांचे थर आहेत. बॉनेटच्या बिजागरीपाशी आणि उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर चांदणीसारख्या भेगा फाकलेल्या आहेत. त्या कमानीवर नाणे वाजवत गेलो, तेव्हा हातभर जागेत खणखणीत आवाज आला आणि मग एकाएकी भिजल्या लाकडासारखा बद्द आवाज येऊ लागला. तिथे रंग खरवडून पाहिला, तर भेगेवर कोणीतरी बोटाच्या पेरभर जाडीची लांबी (पुट्टी) भरून ठेवली होती, आणि खालची भेग जशीच्या तशी होती.

खालची बाजू अधिक चिंतेची आहे. चौकोनी नळ्यांचा सांगाडा बहुतेक ठिकाणी ठणठणीत दिसतो, पण मागच्या आसाच्या ओढदांड्या जिथे बसतात त्या भागात डावीकडे स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. आणखी एक अडचण अशी की बॉडी सांगाड्याला बोल्टांनी लावलेली नसून फायबरग्लासच्या पट्ट्यांनी चिकटवलेली आहे, त्यामुळे काही नळ्या त्या पट्ट्यांच्या आड झाकलेल्या आहेत आणि त्यांची स्थिती डोळ्यांना दिसत नाही.

इथल्या एका दुकानदाराने बॉडी कापून उतरवावी आणि संपूर्ण नवा सांगाडा घालावा असा सल्ला दिला. मला तो पटत नाही, पण नाकारण्याइतका अनुभवही माझ्यापाशी नाही. बॉडी उतरवावी का, जुना रंग कसा काढावा आणि भेगांवर खरा इलाज काय, या तीन गोष्टींवर मार्गदर्शन मिळाले तर फार उपकार होतील.

रत्नागिरीकर

डॉक्टर आहात की अभियंता हे आपण लिहिले नाही, पण नाणे वाजवून पाहण्याची आपली रीत बघून बरे वाटले. आम्ही होड्यांवर हेच करतो. मी २६ वर्षे मिरकरवाडा परिसरात फायबरच्या मासेमारी होड्या बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम केले. गाडीतले मला फारसे कळत नाही, तरी मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिन (तिला घट्ट करणारा चिकट द्रव) ही गाडीत असो वा होडीत, सारखीच वागतात.

चांदणीसारखी भेग म्हणजे वरच्या जेलकोटचे दुखणे आहे असे समजून लोक ती वरून भरतात, आणि वर्षाच्या आत ती पुन्हा त्याच जागी उमटते. जेलकोट हा कडक आणि ठिसूळ थर असतो. त्याच्या मागचे जाळे वाकू लागले की हा पुढचा थर तडकतो. म्हणून भेग दिसली की आधी मागच्या बाजूला जाऊन हात फिरवावा. बॉनेटच्या बिजागरीपाशी भेग आहे, याचा अर्थ बॉनेट उघडताना सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो आहे. तिथे मागून थर वाढवल्याशिवाय पुढून कितीही गुळगुळीत केलेत तरी उपयोग होणार नाही.

काम असे करावे. भेगेच्या मागची जागा ग्राइंडरने घासून पांढरी, कोरडी आणि खरखरीत करावी. नुसती भेगेपुरती न घासता उतार द्यावा. थराच्या जाडीच्या निदान दहा-बारा पट रुंदीपर्यंत तो उतार पसरवावा, म्हणजे नवा थर जुन्यात मिसळतो आणि कडेला पायरी राहत नाही. त्यावर ३०० किंवा ४५० ग्रॅमची मॅट लावताना पहिला तुकडा लहान आणि पुढचे मोठे घेतलेले आम्हाला मानवले आहे. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरते. नवशिका माणूस नेहमी जास्त रेझिन ओततो आणि त्याला ते चकचकीत दिसते म्हणून समाधान वाटते; पण ताकद धाग्यात असते, आणि रेझिनचे डबके नुसते ठिसूळ वजन होऊन बसते. ब्रशने थापून झाल्यावर लोखंडी दातेरी रोलर फिरवून हवेचा प्रत्येक पांढरा ठिपका बाहेर काढावा. आमच्या कारखान्यात नव्या पोराला पहिले सहा महिने फक्त रोलर देत असत, कारण हवा राहिलेली जागा समुद्र बरोबर शोधून काढतो.

आपल्या बद्द आवाजाच्या जागी थर एकमेकांपासून सुटले असणार. तो भाग भरू नये. खणखणीत आवाज लागेपर्यंत कापून काढावा आणि नव्याने थर द्यावेत.

कॉव्हेंट्रीकर

मी मोटार उद्योगातून निवृत्त झालो आणि दोन एमजीबी पूर्ण उघडून पुन्हा बांधल्या. गिलबर्न मी बांधलेली नाही, परंतु एका मित्राच्या गिलबर्नखाली बरेच आठवडे आडवा पडून काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

बॉडी उतरवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गाडीत बॉडी बोल्टांवर बसते, तिथे उतरवणे हा शहाणपणाचा मार्ग असतो. गिलबर्नमध्ये मात्र सांगाडा आणि बॉडी एकमेकांना धरून ताठ राहतात. साठ वर्षे सांगाड्यावर टेकलेल्या बॉडीचे सांधे कापून ती उचलली, की ती आपल्याच वजनाने थोडी पसरते. परत बसवताना दरवाज्यांच्या फटी जुळत नाहीत, काच चौकटीत बसत नाही, आणि मग माणूस लांबी भरून फटी जुळवू लागतो. दुकानदाराला नवा सांगाडा सोपा वाटतो, कारण त्याला मोकळ्या जागेत उभ्याने वेल्डिंग करता येते. गाडीचे हित त्यात नसते.

दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. बहुतेक गिलबर्न गाड्या सुट्या भागांच्या रूपात विकल्या गेल्या, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर त्यामुळे वाचत असे. बॉडी रंगवून, आतली सजावट आणि वायरिंग करून येई, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस वगैरे गिऱ्हाइकाने स्वतः बसवायचे असे. १९७३ च्या एप्रिलमध्ये व्हॅट आला, ही सवलत गेली आणि त्याच वर्षी कारखानाही बंद पडला. याचा आपल्या कामाशी संबंध असा की, पहिल्या मालकाच्या हातचे बरे-वाईट काम तुमच्या गाडीत आजही बसलेले आहे. मित्राच्या गाडीत ब्रेकची नळी एका बाजूला सांगाड्याच्या वरून आणि दुसऱ्या बाजूला खालून गेलेली होती. त्यामुळे पुस्तकातल्या चित्रावर विसंबून न राहता, काहीही सोडवण्याआधी प्रत्येक नळीचा, प्रत्येक तारेचा आणि प्रत्येक कंसाचा फोटो काढून ठेवा.

सांगाड्याचे काम असे हाती घ्या. गाडी चार भक्कम ठोकळ्यांवर सपाट जमिनीवर घ्या आणि ओळंबा व टेप लावून कर्णाची मापे लिहून ठेवा: पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या बिंदूपासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. दरवाज्यांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजा. दरवाज्याच्या चौकटीत आडवी पट्टी तात्पुरती बसवा. मग एका वेळी एकच नळी कापा, तिचा तुकडा बदला, मापे पुन्हा पडताळा, आणि त्यानंतरच पुढच्या नळीला हात लावा. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकदम कापण्याचा मोह होईल. तो आवरा.

वेल्डिंग करण्याआधी नळीवरचा फायबर दोन्ही बाजूंना निदान चार-पाच बोटे मागे सोलून काढा. रेझिन तापले की काळा, घुसमटवणारा धूर होतो आणि ते पेटतेही. पेट्रोलची टाकी आणि नळ्या आधी बाहेर काढा, ओली कापडे भोवती गुंडाळा आणि अग्निशामक हाताशी ठेवून एक माणूस नुसता पाहायला उभा करा. वेल्डिंग संपल्यावर तासभर तिथून हलू नका. सीटबेल्टचे बोल्ट जिथे सांगाड्यात बसवले आहेत ती जागा तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेण्याचा विचारही करू नका.

वायरिंगबद्दल एक गोष्ट, कारण पत्र्याच्या गाडीवरून इकडे आलेला प्रत्येक माणूस इथे अडखळतो. फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा परतीचा मार्ग बॉडीतून जातो. इथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि मीटरला अर्थिंगची स्वतंत्र तार लागते. एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो, असे झाले तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंगची तार शोधा. तसेच त्या वर्षांतल्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असे. आपल्या गाडीत कोणी मध्ये ते उलटे केले आहे का हे पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

ठाण्याची_केमिस्ट

मी रेझिनच्या क्षेत्रात काम करते. रत्नागिरीकर काकांनी मागून थर देण्याबद्दल जे लिहिले आहे ते अगदी योग्य आहे, परंतु रेझिन कोणते हा प्रश्न त्यात राहून गेला. त्या काळातल्या अशा बॉडी पॉलिएस्टर रेझिनच्या असत. ताज्या पॉलिएस्टर थरावर दुसरा थर दिला तर दोन्ही रासायनिक रीतीने जोडले जातात. साठ वर्षांपूर्वी पूर्ण घट्ट झालेल्या थरावर मात्र नवे पॉलिएस्टर फक्त खरखरीतपणाला धरून बसते. होडीत मोठे क्षेत्र आणि लांब उतार मिळतो म्हणून ते निभावते. सांगाडा आणि बॉडी यांच्यातल्या पट्ट्यांवर, जिथे सतत कंप आणि ओढ असते, तिथे मी इपॉक्सी वापरण्याचा सल्ला देईन, कारण जुन्या थराला आणि स्वच्छ केलेल्या पोलादाला त्याची पकड अधिक चांगली असते.

इपॉक्सी घेतलेत तर दोन पथ्ये पाळावी लागतील. साध्या तुकडी-मॅटमधले धागे ज्या बंधकाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे अशी मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेले किंवा शिवलेले कापड घ्या. दुसरे म्हणजे, इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट घट्ट होत नाही. तेव्हा बाहेरून दिसणाऱ्या, जेलकोट द्यायच्या जागी पॉलिएस्टर आणि आतल्या, भार घेणाऱ्या जागी इपॉक्सी, अशी वाटणी आधीच ठरवून घ्या.

रंग काढण्यासाठी रसायन लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डायक्लोरोमिथेन असलेले जुने स्ट्रिपर तुमच्याकडे घरगुती वापरासाठी विकायला बंदी आहेच, पण कोणाच्या शेडमध्ये जुना डबा सापडला तरी तो उघडू नका. ते रंगासोबत जेलकोटही मऊ करते, छिद्रांतून आत शिरते, आणि नवा रंग दिल्यावर महिन्यांनी फोड बनून वर येते. धारदार पटाशी अगदी आडवी धरून थर सोलत जावे आणि शेवटचा थर घासकागदाने काढावा. काम कंटाळवाणे आहे, पण ते करता करता बॉडीवरची प्रत्येक जुनी दुरुस्ती तुमच्या हाताखालून जाते, आणि ही माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

रंग निघाल्यावर लगेच प्रायमर मारू नका. गोठ्यात तीस वर्षे ओल प्यायलेला फायबर वरून कोरडा दिसतो, आतून नसतो. फूटभर लांबीरुंदीचा पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवून, शेड गरम करून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव जमलेले दिसले तर बॉडी अजून ओली आहे. काही आठवडे उबदार, वारा खेळता ठेवून पुन्हा पाहा. फोड आधीच आले असतील आणि टोचल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे पाणी निघाले, तर पाण्याने रेझिनचे विघटन सुरू केले आहे असे समजून तेवढा जेलकोट काढावा लागेल.

आता सुरक्षेबद्दल, आणि हे कृपया हलके घेऊ नका. पॉलिएस्टरसोबत येणारा हार्डनर एमईकेपी हा पेरॉक्साइड असतो आणि त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत रेझिन, हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) अशा तीन बाटल्या वेगवेगळ्या मिळतात. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर आग लागते किंवा स्फोट होतो. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन घ्या, हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के मोजून घाला, आणि थंडीत तो वाढवून वेळ वाचवण्याऐवजी शेडचे तापमान १८ ते २० अंशांवर आणा. घासताना चांगल्या दर्जाचा श्वसनमास्क वापरा. काचेची धूळ अंगाला खाजते हा त्रास किरकोळ आहे, ती छातीत जाता कामा नये.

रत्नागिरीकर

ताईंनी इपॉक्सीबद्दल लिहिले ते मान्य आहे. आमच्याकडे खर्चामुळे ते कमी वापरले जाई, त्यामुळे माझ्या डोक्यात आले नाही. कोबाल्टच्या बाबतीत तर मी स्वतः साक्षीदार आहे. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एका मुलाने दोन्ही एकाच मगात ओतले आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून आम्ही दोन्ही बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवत होतो.

सांधा कसा बसवला आहे तेही पाहा. नळीवर फायबर गुंडाळताना जर खालची कड बंद केली असेल, तर आत गेलेले पाणी बाहेर पडणार नाही. होडीत तळाच्या आडव्या लाकडांवर फायबर चढवताना आम्ही पाण्याला वाट ठेवतो, नाहीतर लाकूड वरून सुंदर आणि आतून भुसा होते. तुमच्या गाडीत लाकडाच्या जागी लोखंड आहे, एवढाच फरक.

सांगली_ते_स्वान्सी

सर्वांचे मनापासून आभार. रत्नागिरीकर काका, मी इस्पितळात काम करतो, त्यामुळे ठोकून आवाज ऐकण्याची सवय तिथली आहे.

काकांचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही आणि शनिवारी गाडीखाली गेलो. डाव्या बाजूची, स्क्रूड्रायव्हर आत गेला होता त्याच्या पुढची, फायबरने झाकलेली नळी निवडली आणि झाकणाच्या सर्वांत खालच्या कडेला ३ मिलिमीटरचे भोक पाडले. ड्रिल बाहेर काढताच चहाच्या रंगाचे पाणी थेंबथेंब गळू लागले. खाली ठेवलेला स्टीलचा पेला पाऊण भरेपर्यंत ते गळत होते, आणि तळाशी गंजाचा बारीक चुरा बसला. मग काडेपेटीएवढी खिडकी कापून पाहिली. नळीची वरची आणि बाजूची भिंत शाबूत होती, आणि कारखान्यातला काळा रंगही काही ठिकाणी दिसत होता. फक्त खालची भिंत, जिथे पाणी साचून राहत होते, कागदासारखी पातळ झालेली होती. उजव्या बाजूला तीच परीक्षा घेतली, तिथे पाणी निघाले नाही आणि नळी चारही बाजूंनी वाजली.

त्यामुळे कॉव्हेंट्रीकर साहेबांचे म्हणणे मी निश्चित मानले आहे: बॉडी उतरणार नाही. संपूर्ण सांगाडा बदलण्याजोगे काही घडलेलेच नाही. एका बाजूच्या सुमारे ४० सेंटिमीटर नळीत पाणी अडकले आणि तेवढीच खाल्ली गेली. मापे घेण्याचे काम कालपासून सुरू केले आहे. कर्णांमध्ये ३ मिलिमीटरचा फरक येतो आहे. डाव्या दरवाज्याची फट वर ५ आणि खाली ७ मिलिमीटर आहे, आणि ती तशीच लिहून भिंतीवर लावली आहे.

साहेब, एवढे विचारायचे राहिले: कर्णातला हा ३ मिलिमीटरचा फरक वेल्डिंगच्या आधी काढण्याचा प्रयत्न करावा का?

कॉव्हेंट्रीकर

काढू नका. हातांनी जोडलेल्या नळ्यांच्या सांगाड्यात एवढा फरक पहिल्या दिवसापासून असू शकतो, आणि बॉडी त्याच आकारावर चिकटवलेली आहे. तो ओढून सरळ करायला गेलात तर ताण काचेच्या चौकटीत जाईल. वेल्डिंगनंतरही तो ३ मिलिमीटरच राहिला पाहिजे, हेच तुमचे माप. नव्या नळीच्या आत वेल्डिंगनंतर पातळ मेणाचा फवारा मारा, आणि झाकणाचा फायबर परत चढवताना तुम्ही पाडलेले ते ३ मिलिमीटरचे भोक बुजवू नका. ते ८ मिलिमीटरचे करून उघडेच ठेवा.

सांगली_ते_स्वान्सी

तसेच करतो. शेडमध्ये हीटर आणला आहे आणि पॉलिथिनचा पहिला तुकडा आज रात्री गाडीच्या छतावर चिकटवला. मागच्या कमानीचा रंग पटाशीने सोलायला घेतला आहे. तांबड्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गर्द हिरवा, आणि हिरव्याखाली जेलकोटवर कोणीतरी पेन्सिलने ओढलेली एक सरळ रेघ, बहुधा कापण्याच्या खुणेसाठी कारखान्यातच ओढलेली. तेवढा भाग घासायचा सोडून बाकीचे काम पुढे नेतो आहे.